पोरीला एका सत्रासाठी परदेशी पाठवायचं म्हणजे नेमकं काय?

 

मागच्या महिन्यात एका गटात कर्जाचा अर्ज आला. शेळी नाही, शिलाई मशीन नाही. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘मुलीचं परदेशी शिक्षण’, आणि रक्कम दोन लाख. मुलगी बीएच्या दुसऱ्या वर्षाला, विषय मानसशास्त्र. तालुक्याच्या गावी एक जण भेटला, म्हणाला, एक्स्चेंजमधून सहा महिने युरोपला पाठवतो, सीट धरून ठेवायला दोन लाख भरा. गटातल्या बायका अडल्या. नाही म्हणावं तर पोरीची वाट अडवल्यासारखं होतं. हो म्हणावं तर पैसा सगळ्यांचा. तेव्हापासून दोन-तीन गावांतून हाच प्रश्न माझ्याकडे आलाय, म्हणून आजचं बोलणं त्यावर.

आधी ‘एक्स्चेंज’ या शब्दाचा अर्थ बघू. आपल्याकडे पूर्वी साटंलोटं व्हायचं, एका घरची लेक त्या घरी आणि त्या घरची या घरी. दोन विद्यापीठं तसाच करार करतात. तुमचे दोन विद्यार्थी एका सत्रासाठी आमच्याकडे, आमचे दोन तुमच्याकडे. मुलगी आपल्याच विद्यापीठाची विद्यार्थिनी राहते, नाव पटावर इथेच, फी इथलीच. तिथली शिकवणीची फी माफ असते. सत्र संपलं की ती परत येते आणि पदवी इथलीच घेते.

म्हणजे ही जागा देतं कोण? मुलीचं स्वतःचं विद्यापीठ. तेच नाव सुचवतं, त्याला नॉमिनेशन म्हणतात. ते नाव गेल्याशिवाय तिकडचं विद्यापीठ अर्जच उघडू देत नाही. बाहेरच्या कुठल्याही माणसाच्या हातात ही जागा नसते. तेव्हा ‘एक्स्चेंजची सीट’ विकणारा माणूस, त्याच्याकडे नसलेली वस्तू विकतोय. काही एजंट परदेशातल्या पूर्ण पदवीच्या प्रवेशाची कामं करून देतात, तो वेगळा धंदा आहे आणि त्यात फी लाखोंत असते. बोलताना हे दोन्ही एकत्र करून सांगितलं जातं. तिथेच आई फसते.

मग पहिली पायरी म्हणजे कॉलेजात जाऊन विचारणं. मुख्याध्यापकांना भेटायला जसं शाळेत जातो तसं प्राचार्यांना किंवा विभागप्रमुखांना भेटायचं. प्रश्न एकच: आपल्या विद्यापीठाचा कुठल्या परदेशी विद्यापीठाशी विद्यार्थी-देवाणघेवाणीचा करार आहे का, आणि त्यात मानसशास्त्र बसतं का? दुसरा अर्धा भाग महत्त्वाचा आहे. करार कधीकधी फक्त इंजिनिअरिंगसाठी असतो.

इथे एक कडू गोष्ट सांगते. आपल्या तालुक्याची कॉलेजं विद्यापीठाला संलग्न असतात आणि करार बहुधा विद्यापीठाचा असतो. पुष्कळदा तो विद्यापीठाच्या आवारातल्या विभागांपुरताच असतो. संलग्न कॉलेजच्या मुलीला मग बीएत संधी मिळत नाही. तिने चांगले गुण मिळवून एमएला विद्यापीठाच्या विभागात प्रवेश घेतला तर मिळू शकते. दोन वर्षं थांबावं लागलं म्हणून दार बंद झालं असं नाही. पण दोन लाख देऊन ते दार उघडतही नाही.

पैशाकडे येऊ, कारण गटाचा खरा प्रश्न तोच. फी माफ असली तरी राहणं, खाणं, विमान, विमा हे उरतं. जर्मनीचं उदाहरण घेते. तिथे शिकायला जाणाऱ्याने जगण्यापुरता पैसा आपल्याकडे आहे हे व्हिसासाठी दाखवावं लागतं. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम महिन्याला ९९२ युरो आहे. युरोचा भाव रोज हलतो, पण हिशोबाला शंभर रुपये धरा. सहा महिन्यांचे ५,९५२ युरो, म्हणजे सहा लाखांच्या जवळ. गटातल्या कुणाच्याही घरात एवढी रोकड पडून नसते, हे मला माहीत आहे.

म्हणून करार शिष्यवृत्तीसह आहे का, हे लगेच विचारायचं. युरोपियन युनियनची इरॅस्मस नावाची योजना १९८७ साली सुरू झाली, आता तिला इरॅस्मस प्लस म्हणतात. आधी ती युरोपातल्या मुलांपुरती होती, आता भारतातल्या विद्यार्थ्यांनाही तिच्यातून जाता येतं. आपल्याकडून जाणाऱ्या विद्यार्थ्याला देशानुसार महिन्याला ८०० ते ९०० युरो मिळतात, प्रवासाला अंतराप्रमाणे वेगळी रक्कम मिळते, आणि शिकवणी, नोंदणी, परीक्षा, प्रयोगशाळा, ग्रंथालय यांची फी घेता येत नाही. यासाठीसुद्धा दोन विद्यापीठांत आधी करार लागतो आणि निवड इथलं विद्यापीठच करतं. ही रक्कम हातात असेल तर घरातून भरायचा खड्डा छोटा होतो. तरी तिकिटाचे, विम्याचे आणि पहिल्या महिन्याच्या घरभाड्याचे पैसे आधी लागतात, कारण शिष्यवृत्ती पुष्कळदा तिथे पोचल्यावर खात्यात येते.

आपल्या सरकारच्या योजनांचं नावही लोक घेतात. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या मुलामुलींसाठी आहे, केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप आहे. दोन्ही मोठ्या आणि चांगल्या योजना, पण त्या पदव्युत्तर आणि पीएचडीच्या पूर्ण अभ्यासक्रमासाठी. एका सत्राला त्या चालत नाहीत. पुढे एमएला पूर्ण बाहेर जायचं ठरलं तर आठवणीत ठेवा.

गटाने काय करावं? माझं मत विचाराल तर पासपोर्ट आणि इंग्रजीच्या परीक्षेपुरतं अंतर्गत कर्ज द्यायला हरकत नाही. रक्कम आवाक्यातली आहे आणि कागद पुढे कामाला येतो. मोठ्या कर्जाचं बोलणं नॉमिनेशनचं पत्र हातात आल्यावर. पत्र नसेल तर ठरावात एक ओळसुद्धा लिहू नका.

पासपोर्टचं काम आजच सुरू करा, निवड होवो न होवो. छत्तीस पानी पासपोर्टची सरकारी फी १,५०० रुपये आहे, सज्ञान मुलीला तो दहा वर्षं चालतो. अर्ज ऑनलाइन भरायचा, आणि आता बऱ्याच जिल्ह्यांत पोस्टातच पासपोर्ट सेवा केंद्र आहे, मुंबई-पुण्याला हेलपाटा पडत नाही. खरी अडचण नावाची. दहावीच्या मार्कशीटवर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं नाव अर्धं, आईचं नाव कुठे माहेरचं तर कुठे सासरचं. परदेशाच्या कामात एक अक्षर बदललं तरी माणूस वेगळा धरला जातो. म्हणून सगळे कागद पलंगावर पसरायचे आणि एकेक अक्षर जुळवायचं. दहावीची मार्कशीट पाया धरा आणि बाकीचे कागद तिच्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या. यातच दोन-तीन महिने जातात. पोलीस पडताळणीला गावात येतील, तेव्हा घरी थांबा, कागद दाखवा, चहा द्या. चहापलीकडे काही द्यायचं नसतं.

आता अभ्यासाचं. मुलगी मानसशास्त्र शिकते म्हटलं की गावात म्हणतात, ‘ही वेड्यांचं शिकते.’ माणूस कसा शिकतो, आठवतो, घाबरतो, दुःखातून सावरतो, याचं हे शास्त्र. १८७९ साली जर्मनीतल्या लाइपझिग शहरात विल्हेल्म वुंट यांनी त्याची प्रयोगशाळा काढली. आपल्याकडे १९१६ साली कलकत्ता विद्यापीठात पहिला मानसशास्त्र विभाग निघाला. तो उभा करणारे नरेंद्रनाथ सेनगुप्त अमेरिकेत हार्वर्डला शिकून आले होते. म्हणजे हा विषय आपल्याकडे रुजला तोच कुणी बाहेर जाऊन, शिकून, परत आलं म्हणून.

तिकडे या विषयात सांख्यिकी आणि प्रयोग फार असतात. पुष्कळ ठिकाणी विद्यार्थ्यांना काही तास दुसऱ्यांच्या प्रयोगात स्वतः बसावं लागतं. भाषेचं नीट बघा: जर्मनीत मानसशास्त्राचे पहिल्या पदवीचे बहुतेक वर्ग जर्मनमधून चालतात, नेदरलँड्समध्ये बऱ्याच विद्यापीठांत इंग्रजीतून. करार आहे एवढ्यावर खूश न होता, त्या सत्रात इंग्रजीतले किती विषय आहेत ते मुलीने बघावं. आणि रुग्ण तपासायला मिळतील अशी आशा नको. एका सत्राने समुपदेशक होण्याचा परवानाही मिळत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला आपल्याकडे भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी लागते.

इंग्रजीचा पुरावा म्हणून आयईएलटीएस ही परीक्षा चालते. फी सतरा-अठरा हजारांच्या घरात, निकाल दोन वर्षं धरला जातो. काही विद्यापीठं इंग्रजी माध्यमातून शिकल्याचं कॉलेजचं पत्रही घेतात, पण बीए मराठीतून असेल तर ते पत्र मिळणार नाही. आधी विचारा, मग फी भरा.

एक कागद मात्र आईलाही माहीत हवा, लर्निंग ॲग्रीमेंट. तिकडे कुठले विषय शिकणार आणि परत आल्यावर इकडच्या कुठल्या विषयांच्या जागी ते धरले जाणार, हे त्यात लिहितात. मुलगी, आपलं कॉलेज आणि तिकडचं विद्यापीठ अशा तिघांच्या सह्या त्यावर लागतात. युरोपात एका सत्राला ३० क्रेडिट धरतात, आपल्याकडे नव्या धोरणात साधारण २० ते २२. मोजमाप वेगळं आहे, म्हणून अदलाबदल आधीच कागदावर हवी. सह्या नसताना मुलगी गेली तर परत आल्यावर कॉलेज म्हणेल, सत्र बुडालं, परत बस. सत्रांच्या तारखाही जुळत नाहीत. जर्मनीत हिवाळी सत्र ऑक्टोबरला सुरू होतं, आणि आपल्या परीक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरात. त्या परीक्षेचं काय, हे प्राचार्यांकडून लेखी घ्या. तोंडी ‘बघू’ला अर्थ नाही.

अर्जात एक पत्र लिहावं लागतं, मला का यायचंय. बहुतेक मुली नेटवरचं उतरवतात. आपल्या पोरींकडे सांगण्यासारखं किती आहे! कॅनडातल्या तीन संशोधकांनी, जोसेफ हेन्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, २०१० साली दाखवून दिलं की मानसशास्त्राचं संशोधन मुख्यतः श्रीमंत पाश्चात्त्य देशांतल्या शिकलेल्या माणसांवर झालंय, आणि जग तसं नाही. आपल्याच शेजारी गोव्यात विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली ‘संगत’ ही संस्था काढली. डॉक्टर नसलेल्या साध्या माणसांना शिकवून नैराश्याच्या रुग्णांना आधार देता येतो, हे तिथल्या अभ्यासांतून दिसलं. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांतही असं काम झालं. ज्या मुलीने ऊसतोडीला गेलेल्या आईची वाट बघितली, किंवा दुष्काळात बापाचं गप्प होणं बघितलं, तिने ते आणि तिला त्यातलं काय समजून घ्यायचंय ते साध्या इंग्रजीत लिहावं. दया मागायची नाही, प्रश्न मांडायचा.

निवड झाली, तिकडचं स्वीकृतीपत्र आलं, की व्हिसा. नव्वद दिवसांहून जास्त राहायचं तर पर्यटनाचा व्हिसा चालत नाही, त्या देशाचा राष्ट्रीय व्हिसा घ्यावा लागतो. जर्मनीसाठी महाराष्ट्राचं काम मुंबईच्या वाणिज्य दूतावासाकडे जातं, फी ७५ युरो. भेटीची तारीख मिळायला वेळ लागतो, म्हणून ऑक्टोबरला जायचं तर आदल्या वर्षीच्या दिवाळीत हालचाल सुरू हवी.

लोक लग्नाचं विचारतील. सहा महिन्यांत लग्नाचं वय काही उलटून जात नाही, एवढंच सांगते आणि पुढे जाते.

त्या ताईंचा अर्ज गटाने तूर्त बाजूला ठेवलाय. मुलगी पुढच्या सोमवारी विभागप्रमुखांना भेटणार आहे, सोबत गटाच्या सचिव जाणार आहेत. तुमच्या गावात अशी मुलगी असेल तर कॉलेजात जाताना वहीत हे लिहून न्या: करार कुणाशी, मानसशास्त्र बसतं का, शिष्यवृत्ती आहे का, संलग्न कॉलेजला चालतं का, नावं कधी पाठवतात. उत्तरं मिळाली की मासिक बैठकीत मला सांगा.