स्तवनावरचे रागनाम : शास्त्रीय संगीताच्या नव्या श्रोत्यांसाठी

स्तवनांचे किंवा पदसंग्रहाचे जुने पुस्तक उघडले, की पदाच्या माथ्यावर बारीक अक्षरांत काही शब्द छापलेले आढळतात : ‘राग आसावरी’, ‘राग सारंग’, ‘राग काफी’, ‘राग सोरठ’. आनंदघनजींच्या पदांवर ते आहेत, तसेच द्यानतराय, भूधरदास यांच्या भजनांवरही आहेत. श्वेतांबर असो वा दिगंबर, पद कोणत्या स्वरांत म्हणावे हे आपल्या परंपरेने शब्दांबरोबरच सांगून ठेवले आहे. आज आपण शब्द वाचतो आणि रागाचे नाव सोडून देतो. हुंडीवरची रक्कम वाचावी आणि मुदत वाचूच नये, असे हे झाले.

संगीताचा विचार आपल्याला परका नाही. स्थानांगसूत्रात व अनुयोगद्वारसूत्रात सात स्वरांचे विवेचन येते. दिगंबर पंडित पार्श्वदेवांचा ‘संगीतसमयसार’ आणि सुधाकलशांनी १३५० साली रचलेला ‘संगीतोपनिषत्सारोद्धार’ हे संगीतशास्त्राच्या इतिहासात मानाचे ग्रंथ आहेत. तरीही आपल्या व्यापारी घरांत शास्त्रीय संगीताचा विषय निघाला, की ‘ते आपल्याला कळत नाही’ हे उत्तर ठरलेले असते. वास्तविक कळणे ही नंतरची पायरी आहे, आधी ऐकणे. ते कोठून सुरू करावे, यासाठी हा लेख.

एक महिना, एक राग

नवा श्रोता उत्साहाच्या भरात दहा दिवसांत दहा राग ऐकतो आणि त्यांतला एकही त्याच्या ध्यानात राहत नाही. त्यापेक्षा महिनाभर एकच राग ऐकावा. मात्र तो निरनिराळ्या कलावंतांकडून ऐकावा. प्रारंभासाठी भूप हा राग उत्तम. त्यात सा, रे, ग, प, ध एवढे पाचच स्वर, तेही सर्व शुद्ध. मध्यम व निषाद वर्ज्य. त्याची वेळ रात्रीचा पहिला प्रहर, म्हणजे साधारण सहा ते नऊ. चौविहार करणाऱ्या घरातील वडीलधाऱ्यांना तो सूर्यास्तानंतर निवांतपणे ऐकता येतो आणि पेढीवरून आठ वाजता परतणाऱ्यालाही तो वेळेतच सापडतो.

पहिल्या आठवड्यात ओळखीचे गाणे घ्यावे. ‘भाभी की चूडियाँ’ (१९६१) या चित्रपटातील, सुधीर फडके यांनी स्वरबद्ध केलेले लता मंगेशकरांचे प्रभातगीत भूपावरच आधारलेले आहे. चित्रपटगीत प्रहराचे बंधन पाळत नाही, पण स्वर ओळखण्यास ते उपयोगी पडते. दुसऱ्या आठवड्यात ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या गाजलेल्या ध्वनिमुद्रिकेतील भूप ऐकावा. शिवकुमार शर्मांचे संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काब्रांची गिटार यांतून काश्मीरमधील मेंढपाळाचा एक दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंत, तीत उभा केला आहे. शब्द नसल्याने ‘अर्थ काय’ हा प्रश्न मनात येत नाही. त्यानंतरचे दोन आठवडे किशोरी आमोणकरांचा भूप ऐकावा. पहिल्या खेपेस तो संथ वाटेल. चौथ्या खेपेस गंधारावर त्यांचे थांबणे आपण होऊन जाणवू लागेल.

महिन्याच्या शेवटी एकदा सकाळी देशकार ऐकावा. त्याचे स्वर भूपाचेच पाच. परंतु भूपात गंधाराला महत्त्व, तर देशकारात धैवताला, आणि तेवढ्याने रात्रीचा राग सकाळचा होतो. भांडवल तेच, पण व्यवहाराची रीत वेगळी. राग म्हणजे केवळ स्वरांची यादी नव्हे, ही गोष्ट दहा व्याख्यानांनी समजणार नाही, ती या एका तुलनेने समजते.

बैठक आणि गणित

खयालगायन लांबते, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. ज्या घरात ४८ मिनिटांच्या सामायिकाची सवय आहे, त्या घराला ही तक्रार शोभत नाही. सामायिक ही साधना आहे आणि संगीतश्रवणाची तिच्याशी बरोबरी नाही. परंतु एका जागी स्थिर बसण्याची जी सवय श्रोत्याला लागते, ती आपल्या घरांत आधीपासूनच आहे. फोन दूर ठेवावा, दुकानाचा हिशेब त्या वेळी काढू नये, एवढेच पथ्य.

आरंभी तानपुरा मन लावून ऐकावा. तो षड्ज धरून असतो आणि सगळे गाणे त्या षड्जाच्या आधाराने चालते. मग संथ लयीतला बडा खयाल येतो. तो पुष्कळदा बारा मात्रांच्या एकतालात असतो आणि लय इतकी विलंबित असते, की मात्रा मोजणे नवख्याला जमत नाही. तो खटाटोप करूही नये. पुढे द्रुत तीनताल सुरू झाला, की मात्र बोटांवर मोजावे : चार-चारांचे चार भाग, एकूण सोळा मात्रा, पहिल्या, पाचव्या व तेराव्या मात्रेला टाळी, नवव्या मात्रेला खाली. पहिली मात्रा ती सम. गायक कितीही दूर भटकला, तरी समेवर अचूक येऊन मिळतो. सायंकाळी रोजमेळ जुळल्यावर जे समाधान वाटते, त्याच जातीचे हे समाधान आहे. बंदिशीचे ब्रज शब्द कळले नाहीत, तरी समेचा आनंद कमी होत नाही.

भूपानंतर यमन घ्यावा. त्यात सातही स्वर लागतात, पण मध्यम तीव्र असतो. हिराबाई बडोदेकरांचा गळा आणि विलायत खाँसाहेबांची सतार, दोहोंकडून तो ऐकावा. त्यापुढे कोमल रिषभ-धैवतांचा भैरव पहाटे ऐकावा आणि मग रात्री उशिराचा मालकंस. ‘बैजू बावरा’ (१९५२) मधील महंमद रफींचे भजन मालकंसातले. तेथून भीमसेन जोशींच्या मालकंसाकडे वळावे. आपल्यासाठी या रागाला आणखी एक महत्त्व आहे. तीर्थंकरांची देशना मालकोश रागात होते, अशी श्वेतांबर परंपरेत श्रद्धा आहे. हेमचंद्राचार्यांच्या वीतरागस्तोत्रातही दिव्यध्वनीच्या वर्णनात मालवकैशिकीचा उल्लेख येतो. त्या काळच्या रागाचे रूप आजच्या मालकंसासारखेच होते असे म्हणता येणार नाही. पण नावाचा धागा टिकून आहे.

जाणकारांच्या शेजारी बसून ऐकण्याची संधी मिळाली, तर सोडू नये. पुण्यात १९५३ पासून चालत आलेला सवाई गंधर्व महोत्सव आता भीमसेनजींचेही नाव धारण करतो. तानपुऱ्यांसाठी नावाजलेल्या मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दरवर्षी संगीतसभा होते. गावातली लहान बैठक तर त्याहून चांगली. तेथे गायकाचा श्वासही ऐकू येतो.

हे का करावे?

तत्त्वज्ञानात राग म्हणजे आसक्ती आणि ती जिंकणारा तो वीतराग. मग गाण्यातल्या रागाची ओढ आपण का धरावी, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्या कवींनीच दिले आहे : मनाला रंगविणारी ही शक्ती त्यांनी वीतरागाच्या गुणगानाकडे वळविली. भावपूजेतील स्तवन त्यासाठीच आहे.

आज पर्युषणात आणि दशलक्षणात चित्रपटांच्या चालींवरील स्तवने सर्रास ऐकू येतात. केवळ लोकप्रियतेबद्दल त्या चालींना दोष देता येत नाही. जुन्या कवींनीही आपल्या काळातील लोकप्रिय देशी चाली घेतल्या होत्या. अडचण वेगळीच आहे. ती चाल सुरू होताच ओठांवर स्तवन असते आणि डोळ्यांपुढे चित्रपट. मुले जे ऐकतात तेच गातात. त्यांच्या कानांवर दुसरे काही पडलेच नाही, तर ती निवड कशातून करणार?

जुन्या पूजांच्या आणि पदांच्या चाली बव्हंशी कागदावर नाहीत, त्या कंठात आहेत. शब्द छापलेले असल्याने ते राहतील. कंठ गेला की चाल गेली. म्हणून या चातुर्मासात प्रत्येक कुटुंबाने एक काम अवश्य करावे. घरातील आजी-आजोबांना जुन्या चालीची जी स्तवने येतात, ती त्यांच्या आवाजात फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवावीत, प्रत्येकाचे नाव व तारीख नोंदवावी, आणि गावातील एखाद्या संगीतशिक्षकाला ती ऐकवून राग कोणता ते विचारावे. पुढच्या महिन्यात ऐकायचा राग तोच ठरवावा.