भिंतीतले भोक आणि नाईलचा उगम

फ्रान्सच्या नैर्ऋत्य टोकाला, बिदासोआ नदीच्या मुखाशी आंदाय हे गाव आहे. पलीकडच्या काठावर स्पेन. इतिहासाच्या वाचकांना ते ठाऊक असते रेल्वे स्थानकामुळे, कारण 23 ऑक्टोबर 1940 रोजी हिटलर आणि फ्रँको तिथे भेटले. नदीतल्या फेझंट बेटावर 1659 मध्ये पिरेनीजचा तह झाला. त्या बेटाचा ताबा आजही दोन्ही देशांकडे सहा-सहा महिने आळीपाळीने असतो. हे कुठल्याही पर्यटन पुस्तिकेत सापडेल. मला नाद आहे तो नाईलच्या उगमावरून झालेल्या भांडणांचा, आणि तो धागा थेट आंदायच्या समुद्रकड्यावरील आबादिया या वाड्यात शिरतो.

वाड्याचा धनी आंत्वान द’आबादी. जन्म 1810, डब्लिन. आई आयरिश, वडील बास्क. धाकटा भाऊ आर्नो आणि तो दशकभर इथिओपियात हिंडले. डोंगरमाथ्यांवरून कोन मोजत आंत्वानने देशाचा नकाशा उभा केला, दोनशेहून अधिक हस्तलिखिते जमवली. 1846 मध्ये गिबे नदीच्या उगमाशी दोघांनी फ्रान्सचे निशाण रोवले: त्यांच्या लेखी हाच नाईलचा उगम.

इंग्रज प्रवासी चार्ल्स बेक खवळला. उगमाचा दावा त्याने खोडलाच, शिवाय आबादी काफा प्रांतात गेलाच नाही, असा जाहीर आरोप केला. पॅरिसच्या भूगोल संस्थेने आबादी बंधूंना सुवर्णपदक दिले होते. तिथे दाद लागेना, तेव्हा बेकने त्याच संस्थेकडून मिळालेले आपले पदक परत केले. पुढच्या प्रवाशांनी आबादीची निरीक्षणे खरी ठरवली. नाईलबाबत मात्र तो चुकला होता. गिबेचे पाणी ओमो नदीतून तुर्काना सरोवरात जाते. नाईलला ते मिळतच नाही.

1864 ते 1879 या काळात, वास्तुकार व्हिओले-ल-द्युकच्या आराखड्यावर आबादिया उभा राहिला. बाहेरच्या भिंतींवर दगडी मगरी, आत इथिओपियातल्या जीवनाची चित्रे. आणि मला सगळ्यात मोलाचे वाटते ते भिंतींतून आरपार पाडलेले भोक. त्यातून दुर्बिणीने लारून पर्वताचे शिखर न्याहाळून प्रकाशाचे वक्रीभवन अभ्यासायचे, असा बेत होता. प्रयोग फसला. आबादीने भोक बुजवले नाही. काही दिसले नाही, काही कळले नाही, अशा अर्थाची ओळ तिथे बास्क भाषेत कोरून घेतली.

बेकने ज्याला खोटारडा ठरवले, त्याने स्वतःचे अपयश स्वतःच्या घरात सगळ्यांना वाचता येईल असे लिहून ठेवले. माझ्या मते आबादीच्या सचोटीचा याहून भक्कम पुरावा कोणत्याही पदकात नाही. वाडा त्याने फ्रान्सच्या विज्ञान अकादमीला दिला, तोही ताऱ्यांची यादी करण्याची अट घालून. तिथली दुर्बीण वर्तुळाचे 360 नव्हे, 400 भाग मानून मोजत असे. 1897 मध्ये आबादी गेला. वाड्यातली वेधशाळा 1975 पर्यंत चालू राहिली. आंदायची ओळख हुकूमशहांच्या एका दुपारीवर सोडणे म्हणजे या मोजणाऱ्या माणसावर अन्याय आहे.