उन्हाळी नाट्यशिबीर : वस्तीतल्या मुलांना मंच, आपल्या कलावंत तरुणांना काम

एप्रिलमध्ये परीक्षा संपतात आणि वस्तीतली मुले मोकळी होतात. ज्यांच्या घरी पैसे आहेत त्यांची मुले शहरातल्या फी भरून चालणाऱ्या शिबिरांना जातात. आपली मुले गल्लीत, मोबाईलवर, नाहीतर आईसोबत कामावर. त्याच वेळी वस्तीतले विहार सकाळच्या वंदनेनंतर संध्याकाळपर्यंत बंद असते. आणि त्याच वस्तीत नाट्यशास्त्राची पदवी घेतलेला, एकांकिका स्पर्धा गाजवलेला एखादा तरुण किंवा तरुणी सुट्टीच्या दोन महिन्यांत मिळेल ते काम शोधत असते.

रिकामे विहार, मोकळी मुले आणि काम शोधणारा कलावंत या तिघांना एकत्र आणणारी गोष्ट म्हणजे उन्हाळी नाट्यशिबीर. हे काम नेमके काय असते, ते कसे करायचे, आणि त्याचे पैसे का दिले-घेतले पाहिजेत, हे समजून घेऊ.

ही परंपरा आपलीच आहे

नाटक हे आपल्या चळवळीचे जुने साधन आहे. सत्यशोधक जलशांनी तमाशाचा साचा घेतला आणि त्यात नवा आशय भरला. पुढे भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे आंबेडकरी जलसे गावोगाव गेले. ज्यांना वर्तमानपत्र वाचता येत नव्हते त्यांच्यापर्यंत बाबासाहेबांचा विचार या जलशांनी पोहोचवला. १९५५ साली औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात प्रा. म. भि. चिटणीस यांचे 'युगयात्रा' हे नाटक खुद्द बाबासाहेबांसमोर सादर झाले. ते करणारी मुले विद्यार्थीच होती, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. पुढे दत्ता भगत, प्रेमानंद गज्वी अशा नाटककारांनी ही वाट रुंद केली.

अलीकडचे उदाहरण ठाण्याचे. ज्येष्ठ नाटककार रत्नाकर मतकरी यांनी समता विचार प्रसारक संस्थेच्या सोबतीने 'वंचितांचा रंगमंच' ही कल्पना मांडली. वेगवेगळ्या वस्त्यांतली मुले आपल्याच आयुष्यातले विषय घेऊन नाटिका बसवतात, हे त्याचे सूत्र. लिहून दिलेले पाठ करण्यापेक्षा मुलांनी स्वतः उभे केलेले नाटक किती जिवंत होते, हे त्यातून दिसले.

पगारी नोकरीतून जन्मलेले खेळ

आज कोणत्याही नाट्यशिबिरात 'आरसा' हा खेळ खेळतात. दोघे समोरासमोर उभे राहतात, एक जण हालचाल करतो, दुसरा त्याचे प्रतिबिंब होतो. असे शेकडो नाट्यखेळ व्हायोला स्पोलिन या अमेरिकन बाईंनी घडवले. त्यांचे शिक्षण शिकागोच्या हल हाऊस या स्थलांतरित गरिबांसाठी चालणाऱ्या समाजकेंद्रात झाले. महामंदीनंतर अमेरिकन सरकारने बेरोजगारांना काम देण्यासाठी जी योजना काढली, तिच्यात १९३९ ते १९४१ या काळात त्या नाट्य-पर्यवेक्षक होत्या. समोरची मुले वेगवेगळ्या देशांतून आलेल्या कुटुंबांतली, भाषा वेगवेगळ्या. भाषणाने शिकवणे शक्य नव्हते, म्हणून त्यांनी खेळातून शिकवले. १९६३ साली त्यांचे पुस्तक आले आणि जगभरच्या नाट्यशाळांनी ते स्वीकारले.

यातून आपण घ्यायचे ते एवढेच : वस्तीतल्या मुलांना नाटक शिकवणे हे कमी प्रतीचे काम नाही, आणि त्या बाईंना ते करताना पगार मिळत होता.

प्रशिक्षक नेमके काय करतो?

साधारण वीस दिवसांचे, रोज तीन तासांचे शिबीर धरू. वेळ सकाळी सात ते दहा. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात त्यानंतर पत्र्याखाली मुले बसवणे धोक्याचेच. एका गटात २५ पेक्षा जास्त मुले नकोत.

पहिले चार-पाच दिवस संवाद नाही, फक्त खेळ. नाव सांगताना एक कृती करणे, आरसा, डोळे मिटून मित्राच्या आवाजामागे चालणे. यातून मुलांचा संकोच जातो. कोण बोलत नाही, कोण दुसऱ्याला दाबतो, मुली मागे का उभ्या राहतात, हे प्रशिक्षकाला इथेच कळते.

पुढचा आठवडा प्रसंग उभे करण्याचा. नळावरची रांग, बसचा पास, दाखल्यासाठी मारलेल्या चकरा. मुले बोलतात ते प्रशिक्षक वहीत टिपतो. त्यातूनच संहिता तयार होते. शेवटचा आठवडा तालमीचा आणि मग प्रयोग. बुद्धपौर्णिमेची संध्याकाळ किंवा २७ मेचा माता रमाई स्मृतिदिन हे प्रयोगासाठी चांगले दिवस. वस्ती त्या दिवशी एकत्र येतेच.

आपल्याकडे अनेकदा उलटे होते. कार्यकर्ता लांबलचक भाषण लिहून देतो, मूल ते पाठ करते, मध्येच विसरते आणि रडत खाली उतरते. टाळ्या पडतात, पण मूल पुन्हा मंचावर येत नाही. सिद्धार्थ आणि हंसाची गोष्ट जरूर करावी. पण आधी मुलांना विचारावे, 'हंस कोणाचा? मारणाऱ्याचा की वाचवणाऱ्याचा? का?' मग संवाद त्यांचे त्यांना सुचतात.

प्रेक्षकालाही मंचावर बोलवा

ब्राझीलचे ऑगुस्तो बोआल (१९३१-२००९) यांनी 'फोरम थिएटर' ही पद्धत दिली. अन्यायाचा प्रसंग दाखवायचा, तो अन्याय झालेल्याच्या हारेवर संपवायचा. मग तोच प्रसंग पुन्हा सुरू करायचा आणि प्रेक्षकांना सांगायचे, जिथे वाटेल तिथे 'थांबा' म्हणा आणि त्या पात्राच्या जागी येऊन वेगळे काही करून दाखवा. पश्चिम बंगालमध्ये 'जन संस्कृती' ही संस्था कित्येक वर्षे गावांमध्ये याच पद्धतीने काम करते आहे.

एक प्रसंग घ्या. वर्गात मोठ्याने पुकारा होतो, 'शिष्यवृत्तीवाले उभे राहा.' एक मुलगी उभी राहते, मागून कोणी हसते. प्रसंग इथे थांबतो. मग एक मुलगा येतो आणि हसणाऱ्याशी भांडतो. दुसरी मुलगी येते आणि बाईंना म्हणते, यादी फळ्याशेजारी लावा, नावे पुकारू नका. एखादी आई उठते आणि मुख्याध्यापकांकडे जाते. कोणता उपाय टिकतो, कोणता अंगाशी येतो, हे सगळ्यांना डोळ्यांसमोर दिसते. प्रत्यक्ष वर्गात ती वेळ येईल तेव्हा त्या मुलीने निदान एकदा बोलण्याचा सराव केलेला असेल. नाटकाचा हा खरा उपयोग.

पण एक पथ्य पाळा. ज्या मुलावर असा प्रसंग खरोखर आला आहे, त्यालाच ती भूमिका देऊ नका. त्याची गोष्ट त्याच्या संमतीशिवाय घेऊ नका, आणि घेतली तर नाव-गाव बदला. मुलांच्या जखमा दाखवून टाळ्या मिळवणे हे प्रबोधन होत नाही.

सुरक्षितता आधी

पालकांची लेखी परवानगी घ्या. प्रशिक्षक आणि मुले बंद खोलीत एकटी राहणार नाहीत, सतत दोन मोठी माणसे हजर असतील आणि त्यांपैकी एक स्त्री असेल, हा नियम करा. २०१२ चा पॉक्सो कायदा काय सांगतो, हे प्रशिक्षक आणि समिती दोघांनाही माहीत हवे. चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांक विहाराच्या भिंतीवर लावा. मुलांचे व्हिडिओ समाजमाध्यमांवर टाकण्यापूर्वी पालकांना विचारा.

पैशांचे बोलू

'समाजाचे काम आहे, पैसे कसले मागतोस?' हे वाक्य आपल्या अनेक कलावंतांनी ऐकले आहे. मंडपवाल्याला, ध्वनिक्षेपकवाल्याला आपण पैसे देतो. शिकवणाऱ्याला मात्र शाल आणि पुष्पगुच्छ. याचा परिणाम असा की घरची जबाबदारी असलेला गुणी तरुण या कामातून बाहेर पडतो, आणि ज्याला पैशांची गरज नाही तोच टिकतो. मग आपल्या मुलांना आपली गोष्ट शिकवणारा आपला माणूस राहत नाही.

उदाहरणादाखल हिशेब मांडू. वीस दिवस, रोज तीन तास म्हणजे ६० तास. मुख्य प्रशिक्षकाला तासाला २५० रुपये धरले तर १५,००० रुपये. सहायकाला तासाला १२० रुपये, म्हणजे ७,२००. पंचवीस मुलांना रोज २० रुपयांचा खाऊ, म्हणजे १०,०००. साहित्य ३,०००. एकूण ३५,२०० रुपये. शंभर घरांच्या वस्तीत घरटी ३५२ रुपये. यंदाच्या जयंतीत एका रात्रीच्या डीजेवर किती गेले, तो आकडा शेजारी ठेवून बघा आणि समितीच्या बैठकीत हा विषय काढा.

तरुण मित्रांनो, तुम्हीही संकोच सोडा. तारखा, तास, मानधन, प्रवासखर्च आणि पैसे कधी मिळणार, हे कामाआधी कागदावर घ्या. निम्मी रक्कम सुरुवातीला मागा. शेवटी अनुभवाचे पत्र घ्या, पुढच्या कामाला ते लागते. कामासाठी विहार समित्यांशिवाय शाळा, बालभवन, महापालिकेचे समाजविकास विभाग, नाट्य परिषदेच्या शाखा आणि सामाजिक संस्थांकडे फेब्रुवारी-मार्चमध्येच विचारणा करा. मे उजाडल्यावर जागा भरलेल्या असतात.

सुरुवात कुठून?

मोठ्या शिबिराची वाट पाहू नका. एक विहार, पंधरा मुले, दहा दिवस, एक मानधन घेणारा प्रशिक्षक. एवढ्यावर पहिला उन्हाळा काढा. त्या पंधरांतली एखादी मुलगी पुढच्या वर्षी सहायक होईल आणि आणखी काही वर्षांनी स्वतः शिबीर घेईल. जलसे असेच एका फडातून दुसऱ्या फडात गेले.

विहाराची किल्ली समितीकडे आहे. ती सकाळी सात वाजता मिळावी, एवढी मागणी या रविवारच्या वंदनेनंतर करा.

जयभीम! नमो बुद्धाय!