मुलूख ओव्हान्सचा, घाट औट्रमचा

औट्रम घाटाच्या बोगद्याची बातमी आली की चाळीसगावात हमखास कुणीतरी विचारतं, "कन्नड घाटच ना हा?" दरडी, अडकलेले ट्रक, 2023 पासूनची जड वाहनांची बंदी, सगळं पाठ झालंय. मला खटकतं ते औट्रमचं नाव.

1825 साली इंग्रजांनी खानदेशात भिल्लांसाठी तीन एजन्सी काढल्या. बावीस वर्षांचा लेफ्टनंट जेम्स औट्रम धरणगावला बसला. काम होतं भिल्लांची पलटण उभी करायचं. आधी त्यांच्याशी लढला, मग त्यांच्यातच राहिला. सुरुवातीला हाती लागले ते फक्त नऊ जण. त्यांचा विश्वास त्यानं कमावला तो शिकारीत. एकदा झाडावरून वाघ नीट दिसेना, तेव्हा भिल्लांनी पागोटी एकाला एक बांधली आणि साहेबाला खाली लोंबकळत सोडलं. त्यानं तशीच गोळी घातली, असा किस्सा त्याच्या चरित्रात आहे. थोडं तिखटमीठ लागलंच असणार.

पण हिशेबात गडी पक्का. 1825 ते 1834 या दहा वर्षांत त्याच्या आणि सोबत्यांच्या हातून 235 वाघ मेले, 22 जखमी. त्यातल्या 191 वाघांच्या वेळी तो स्वतः हजर. अस्वलं, बिबटे वेगळे. दुकानदाराच्या खतावणीसारखी ही यादी वाचताना खानदेशात वाघ एवढे विरळ का झाले, हे विचारायची गरज उरत नाही.

आता गंमत बघा. हा घाट ज्यात आहे तो सातमाळ्याचा डोंगर आणि चाळीसगाव औट्रमकडे नव्हतंच. ती दक्षिण एजन्सी ओव्हान्स नावाच्या दुसऱ्या इंग्रज अधिकाऱ्याची, ठाणं कन्नडला. त्याच्या वाट्याला शिकारीपेक्षा रुक्ष काम होतं: डोंगरातून भिल्लांना खाली आणायचं, जमीन द्यायची, बैल-बियाण्याला तगाई द्यायची. अशा कामाचे किस्से होत नाहीत. पुढे साताऱ्याचा रेसिडेंट झाला तो हाच. 1839 मध्ये छत्रपती प्रतापसिंहांना पदच्युत केलं गेलं, त्यात त्याचा हात होता. म्हणजे त्याच्याबद्दल हळहळावं असंही नाही.

त्याच 1825 साली अमेरिकेत मिसिसिपीकाठच्या सरहद्दीवरल्या किल्ल्याला कर्नल स्नेलिंगचं नाव मिळालं. किल्ला त्यानंच बांधवून घेतला होता. आपल्याकडे मुलूख एकाचा, नाव दुसऱ्याचं. बोगदा झालाच, तर कागदावर कोणाचंही नाव लागो; धुळ्याहून येणारा ट्रकवाला त्याला कन्नडचा बोगदाच म्हणणार.