दुष्काळी मुलखातली उपकारस्तुती

पावसाने पाठ फिरवली की जत-आटपाडीकडची माणसे आधी जनावरांच्या वैरणीची चिंता करतात, मग स्वतःची. अशाच एका कोरड्या वर्षी दिवाळीच्या सुमारास जत तालुक्यातल्या एका लहानशा मंडळीच्या उपकारस्तुतीला मी गेलो होतो. 'मंडळी' म्हणजे इकडच्या प्रोटेस्टंट ख्रिस्ती लोकांच्या बोलीत चर्चचा समाज; इमारतीला जुनी माणसे अजूनही देऊळच म्हणतात. सुगीच्या पहिल्या पिकातला वाटा देवापुढे आणून ठेवायचा आणि उपासना संपली की त्याचा लिलाव करायचा, ही या सणाची रीत.

त्या दिवशी बाजरीची किडमिडी कणसे होती, दोन भोपळे, अंड्यांची एक पाटी आणि पाय बांधलेली कोंबडी. कोंबडी ज्याने घेतली त्याने ती पुन्हा लिलावाला दिली. दुसऱ्याने बोली जिंकली, त्यानेही परत दिली. चौथ्या फेरीला कोंबडीपेक्षा माणसांचाच कलकलाट जास्त होता. बोली लावणाऱ्यांत एक जोडपे असे होते की त्यांचे बिऱ्हाड बांधून तयार होते. पहाटे ते ऊसतोडीला निघणार होते.

ज्यांच्या घरात धान्याची कणगी रिकामी, त्यांच्या उपकारस्तुतीत एवढा आनंद येतो कुठून? या प्रश्नाचा माग काढताना मी सातारा-सांगलीच्या मिशन-इतिहासाकडे वळलो.

सातारकडे अमेरिकन मराठी मिशन आणि सांगली-मिरजेकडे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशन, अशी कामाची स्थूल वाटणी होती. १८७६ ते १८७८चा मोठा दुष्काळ, पुढे १८९६-९७ आणि १८९९-१९००चे दुष्काळ आणि त्यांच्या जोडीला प्लेग, या काळात महाराष्ट्रात ख्रिस्ती झालेल्यांत महार आणि मांग कुटुंबे मोठ्या संख्येने होती. त्यांना 'भाकरीसाठी बाटलेले' असे हिणवले गेले. भाकरीचा भाग नव्हता असे मी म्हणणार नाही. भुकेल्या माणसाने भाकरीकडे जाण्यात लाज कसली? पण भाकर सरकारी दुष्काळी कामावर, खडी फोडूनही मिळत होती. त्या कामावर कुणी रात्री टाळ घेऊन गात बसल्याचे मात्र माझ्या वाचनात नाही.

मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांचे रुग्णालय १८९४ साली सुरू झाले. त्यांचे नाव आज सांगली आणि मिरजेमधल्या वानलेसवाडीलाही आहे. मिरजेतच कुष्ठरुग्णांसाठी मिशनची वसाहत उभी राहिली. घराने आणि गावाने ज्यांना बाहेर काढले, त्यांना तिथे मलमपट्टीबरोबर शेजार मिळाला आणि उपासनेत बसायला जागा मिळाली. बोटे झडलेल्या माणसाला देवळाच्या पायरीवरून कुणी हुसकत नाही, ही गोष्ट औषधाच्या यादीत लिहिता येत नसली तरी तिचे मोल मला मोठे वाटते. (मिरज हे मुळात दुखणाईतांचे आणि गवयांचे गाव. दर्ग्यात खाँसाहेब अब्दुल करीम खाँची आठवण आणि बाजारपेठेत तंबोरे करणाऱ्यांची दुकाने, या सगळ्याच्या शेजारी मिशनचे रुग्णालय. असे गाव दुसरीकडे सापडायचे नाही.)

तरीही सुरुवातीच्या उपासनेत एक मोठी अडचण होती. गीते परकी होती. शब्द मराठी, पण चाल विलायती. मराठीचे ऱ्हस्व-दीर्घ त्या चालीत बसेनात. आघात भलत्याच अक्षरावर पडे. त्यात गीते पुस्तकात, आणि गाणाऱ्यांपैकी पुष्कळांना अक्षरओळख नाही. ज्याने जात्यावर, मोटेवर आणि एकतारीवर गाणे ऐकले, त्याला नव्या देवापुढे मुके होऊन बसावे लागे. ख्रिस्ती झालेल्याची भावकी तुटत होती, जत्रा सुटत होत्या. गाणेही सुटले तर उरायचे काय?

अहमदनगरकडे कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्यांनी ख्रिस्ती पदे आणि कीर्तने रुजवली आणि पुढे नारायण वामन टिळकांनी त्या गाण्याला स्वतःचा गळा दिला. भजनात एकाने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी उचलायची. पुस्तक नको, बाजाची पेटी नसली तरी चालते, टाळी पुरते. आंधळा, निरक्षर, आजारी, सगळ्यांना त्यात जागा आहे. 'उपासना संगीत' या मराठी मंडळ्यांच्या गीतसंग्रहात टिळकांच्या पदांचा वाटा मोठा आहे. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते मानत.

त्यांच्या आयुष्याचा शेवटचा टप्पा सातारचा. १९१७ साली मिशनची नोकरी आणि पगार सोडून ते साताऱ्यात राहिले आणि 'देवाचा दरबार' नावाचा बंधुसमाज त्यांनी मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे सारे ख्रिस्तभक्त त्यात यावेत, परक्या पैशावर तो चालू नये, ही कल्पना. मिशनमधल्या अनेकांना ती पचणारी नव्हती. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले आणि दरबार फार दिवस तग धरू शकला नाही. संस्था म्हणून तो फसला, हे उघड आहे. पण आपल्या उपासनेचे धनी आपणच, हा त्याचा आग्रह मला खेड्यातल्या त्या लिलावात जिवंत दिसला. तिथे कुणी देणगीदार नव्हता. गरिबांनीच गरिबांची कोंबडी चार वेळा विकत घेतली होती.

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचताना हाच आनंद निराळ्या रूपात भेटतो. सोवळ्याओवळ्याशी वर्षानुवर्षे झगडून १९००मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घरात पैसा टिकत नव्हता, पण पोरकी मुले येऊन राहत होती. त्या हे सगळे हसत सांगतात आणि हसता हसता आपलेही फजितीचे प्रसंग लपवत नाहीत. दुःख नाकारणारे हसू असे नसते.

आणि अडचणी काही जुन्या काळाबरोबर संपल्या नाहीत. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. पुढे १९५६मध्ये शीख आणि १९९०मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत. महाराष्ट्रात अशा कुटुंबांना इतर मागासवर्गात जागा आहे, पण अनुसूचित जातींच्या सवलती नाहीत. गावात त्यांची जात कुणी विसरलेले नसते, कागदावर मात्र ती पुसलेली असते. त्या रात्री जेवणानंतर हा विषय निघाला तेव्हा एक वयस्क बाई म्हणाल्या, "सायब, आमी देवळात येतो तवा कुणी दाखला मागत न्हाई."

मग पेटी काढली गेली. तिचे दोन सूर बसलेले होते, तिथे गाणारे आवाज चढवून वेळ मारून नेत होते. भजन उशिरापर्यंत चालले. ऊसतोडीला जाणारी बाई शेवटपर्यंत टाळ वाजवत होती. पहाटे ट्रॅक्टर आला तेव्हा पाळकांनी वाटेची प्रार्थना केली आणि ती कोंबडी, पाय तसेच बांधलेले, कुणीतरी तिच्या गाठोड्याशेजारी नेऊन ठेवली.