रजा मिळाली, निदानाचे काय?

बेंगळुरूच्या वायव्येस, तुमकुरू रस्त्यालगत पीण्या औद्योगिक क्षेत्र पसरले आहे. यंत्रांच्या सुट्या भागांपासून तयार कपड्यांपर्यंत हजारो लहानमोठे उद्योग येथे चालतात. सायंकाळी कपडे कारखान्यांची फाटके उघडली की रस्ता स्त्रियांनी भरून जातो. अशाच एका सायंकाळी बसथांब्यावर मला एक शिलाई कामगार भेटली. ती मूळची चिकोडी तालुक्यातील, वय बत्तीस. तिच्या बोलण्यात मराठी आणि कन्नड सारखीच मिसळलेली होती. तिने डब्याच्या पिशवीतून वेदनाशामक गोळ्यांची पट्टी काढून दाखवली.

पाळीच्या आधी दोन दिवस आणि नंतर तीन दिवस ओटीपोटात असह्य कळा येतात, शौचाला बसणेही कठीण होते, असे तिने सांगितले. हे नऊ वर्षे चालले आहे. सोनोग्राफीचा अहवाल प्रत्येक वेळी ‘नॉर्मल’ येतो. अखेर एका डॉक्टरांनी, दोन मुले झालीच आहेत, तर पिशवी काढून टाका, असे सुचवले. ‘‘रजा मागायची तरी किती वेळा, ताई?’’ तिने विचारले.

रजेच्या प्रश्नाचे एक उत्तर कर्नाटकाने दिले आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने नोकरदार स्त्रियांसाठी दरमहा एक याप्रमाणे वर्षाला १२ दिवसांची भरपगारी मासिक पाळी रजा मंजूर केली. या धोरणात खासगी आस्थापना आणि कपडे कारखानेही येतात. हे पाऊल स्वागतार्हच आहे. परंतु जिला महिन्यातून पाच दिवस वेदना होतात, तिला एका दिवसाची रजा कितपत पुरणार? त्याहून महत्त्वाचे असे की, रजा विश्रांती देते, निदान करत नाही.

या स्त्रीला कोणता आजार आहे, हे मी सांगू शकत नाही. मात्र तिने सांगितलेली लक्षणे एंडोमेट्रिओसिसच्या वर्णनाशी जुळतात. या आजारात गर्भाशयाच्या अस्तरासारख्या ऊती गर्भाशयाबाहेर, म्हणजे बीजकोशांवर, आतड्यांवर किंवा उदराच्या आवरणावर वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील सुमारे दहा टक्के, म्हणजे जगभरातील सुमारे १९ कोटी स्त्रिया व मुलींना हा आजार आहे. निदानाला अनेक वर्षे लागणे हा जगभरचा अनुभव आहे.

त्याच्या कारणांविषयी सर्वाधिक परिचित सिद्धान्त अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ जॉन सॅम्पसन यांनी १९२०च्या दशकात मांडला. पाळीचे काही रक्त बीजवाहिन्यांतून उलट उदरपोकळीत जाते आणि त्यातील पेशी तेथे रुजतात, असे त्यांचे म्हणणे होते. परंतु असा उलटा प्रवाह बहुसंख्य स्त्रियांमध्ये आढळतो. आजार मात्र काहींनाच होतो. त्यामुळे प्रतिकारशक्ती, संप्रेरके आणि आनुवंशिकता यांकडे संशोधकांचे लक्ष वळले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात ६० हजारांहून अधिक रुग्ण स्त्रियांच्या जनुकांचे विश्लेषण झाले. आजाराशी निगडित ४२ जनुकीय स्थाने त्यात आढळली. अर्धशिशी आणि पाठदुखी यांसारख्या दीर्घकालीन वेदनांशीही त्यांतील काहींचे नाते दिसले.

हे नाते महत्त्वाचे आहे, कारण या आजारात वेदना आणि ऊतींचा विस्तार यांचे प्रमाण जुळत नाही. थोड्याशा ऊती असलेली स्त्री तळमळते, तर विस्तृत आजार असलेल्या एखादीला काहीच जाणवत नाही. या ऊतींभोवती दाह निर्माण होतो आणि नवे मज्जातंतू वाढतात. वर्षानुवर्षे वेदनेचे संदेश मिळत राहिल्याने मज्जारज्जू आणि मेंदूही अतिसंवेदनशील होतात. उदराच्या आवरणावरील लहान ऊती सोनोग्राफीत बहुधा दिसत नाहीत. म्हणून ‘नॉर्मल’ अहवाल म्हणजे वेदना खोटी, असा अर्थ लावणे अशास्त्रीय आहे.

उपचारांचा विचारही बदलला आहे. पूर्वी दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया करून खात्री होईपर्यंत निदान पक्के मानले जात नसे. युरोपातील तज्ज्ञ संस्थेने २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत ही अट शिथिल केली. लक्षणांवरून संशय आल्यास वेदनाशामके आणि डायनोजेस्टसारखी संप्रेरक औषधे देऊन उपचार सुरू करता येतात. त्यांचे दुष्परिणाम असतात आणि औषध थांबवल्यावर वेदना परतू शकते. शस्त्रक्रियेनंतरही आजार उलटू शकतो. कायमचा इलाज अद्याप सापडलेला नाही. तरीही काही न करणे आणि गर्भाशय काढणे या दोन टोकांमध्ये बरेच मार्ग आहेत.

मराठी वाचकांना दुसरे टोक परिचित आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण २०१९ मध्ये चर्चेत आले, तेव्हा महाराष्ट्र सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. कामावर खाडा पडू नये म्हणून अवयवच काढण्याची ती व्यथा होती. एंडोमेट्रिओसिसमध्ये तर गर्भाशय काढल्यानंतरही बाहेरच्या ऊती मागे राहिल्यास वेदना टिकू शकतात.

भारतीय स्त्रियांविषयीची माहिती अजून अपुरी आहे. २०२३ च्या त्या अभ्यासातील स्त्रिया मुख्यतः युरोपीय व पूर्व आशियाई वंशाच्या होत्या. ही उणीव भरून काढण्यासाठी मुंबईत परळ येथील राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेने डॉ. राहुल गजभिये यांच्या नेतृत्वाखाली देशाच्या विविध भागांतील रुग्णालयांना सोबत घेऊन या आजाराचा वैद्यकीय व जनुकीय अभ्यास हाती घेतला आहे. परंतु अशा अभ्यासात तीच स्त्री मोजली जाते, जी रुग्णालयापर्यंत पोहोचते. पीण्यातील शिलाई यंत्रामागे बसलेली स्त्री तेथवर पोहोचणार कशी?

मार्ग कारखान्यातूनच जातो. ५०० हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत रुग्णकक्ष असणे १९४८ च्या कारखाने कायद्यानेच बंधनकारक केले होते. तेथील परिचारिकेने गोळी देण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत: वेदना किती दिवस टिकते? कामात व्यत्यय येतो का? शौच, लघवी वा शरीरसंबंधाच्या वेळी दुखते का? किती वर्षांपासून? उत्तरांची नोंद ठेवून तिला कामगार विमा रुग्णालयातील स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवावे. यासाठी नवे यंत्र लागत नाही, ऐकून घेण्याची तयारी लागते.

बस आली तेव्हा तिने मला विचारले, पिशवी काढू की नको? मी डॉक्टर नाही, असे सांगून दुसऱ्या तज्ज्ञांचे मत घेण्याची विनंती मी केली. त्यासाठी तिला पुन्हा एक दिवस लागेल. राज्याने दिलेली रजा निदान त्या दिवशी तरी तिच्या उपयोगी पडावी.