बरणीतली नावं

दोस्ता, तुझ्या घरी लोणच्याची बरणी आहे ना? तिच्यात काय असतं? कैरी, मीठ, मोहरी, तेल!

आता एक गंमत ऐक. पोलंड नावाच्या देशात एका सफरचंदाच्या झाडाखाली बरण्या पुरल्या होत्या. त्यांत काय असेल? सोनं? छे! त्यांत होती मुलांची नावं! पातळ कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहिलेली.

ती लिहिली होती इरेना सेंडलरनं. दुसरं महायुद्ध चालू होतं. वॉर्सा शहरात ज्यू लोकांना भिंतीआड कोंडून ठेवलं होतं. इरेना आणि तिच्या मैत्रिणी तिथल्या लहान मुलांना गुपचूप बाहेर काढायच्या. कुणाला पेटीतून, कुणाला गोणीतून! मग मुलांना नवी नावं, नवी घरं मिळायची. पण खरं नाव हरवलं तर आई पुन्हा कशी सापडणार? म्हणून त्या चिठ्ठ्या!

अशी किती मुलं वाचली असतील, सांग बरं? सुमारे 2,500, असं मानतात. एका वर्गात 50 मुलं धर. असे 50 वर्ग! भली मोठी शाळाच की!

आणि तरीही जगात फारसं कुणाला हे ठाऊक नव्हतं.

मग कळलं कसं? इथंच तर खरी मजा आहे! अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात युनियनटाउन नावाचं गाव आहे. वस्ती तीनशेच्या आसपास, आपल्या एखाद्या पाड्याएवढी. 1999 साली तिथल्या शाळेत नॉर्मन कॉनर्ड या सरांनी मुलींच्या हातात मासिकाचं एक कात्रण ठेवलं. त्यात इरेनाचं नाव होतं आणि तो 2,500 चा आकडा. सर म्हणाले, छपाईची चूकही असेल हं, शोधून बघा!

बघ, सरांनासुद्धा शंका! मला तर हेच फार आवडलं.

मुली शोधत सुटल्या. पत्रं लिहिली, पुस्तकं चाळली. छपाईची चूक नव्हती! इरेनाला कुठं पुरलं असेल, तेही त्या शोधायला लागल्या. आणि काय सापडलं असेल? थडगं? नाही! इरेना चक्क जिवंत होती! वॉर्सात राहत होती, वय नव्वदीच्या घरात! मुलींनी तिच्यावर नाटक बसवलं आणि 2001 मध्ये विमानानं जाऊन तिला कडकडून भेटल्या.

पुढं 2007 मध्ये युनियनटाउनजवळच्या फोर्ट स्कॉट गावात एक केंद्र सुरू झालं. ते शिक्षकांना फेलोशिप देतं. म्हणजे बाईंना आणि सरांना मिळणारी शिष्यवृत्ती! हो, मोठ्यांनाही मिळते! विसरलेले वीर कसे शोधायचे, ते तिथं शिकायचं. मग आपल्या शाळेत परत येऊन मुलांना कामाला लावायचं.

आता चल अच्छाडला! महामार्गावर ट्रकांची रांग, आणि पुढं लगेच गुजरात. हा आपला तलासरी तालुका. इथंही वीर आहेत का? आहेत तर!

आधी सांग, लपाछपीत रोज तुझ्यावरच राज्य आलं तर? तू शोधत राहायचं, लपायची पाळी कधीच नाही. रडशील ना? इथल्या वारली लोकांवर असंच राज्य होतं, तेही खऱ्याखुऱ्या आयुष्यात! जमीनदाराच्या शेतात फुकट राबायचं. त्याला म्हणतात वेठ.

जानेवारी 1945 मध्ये टिटवाळ्याला शेतकऱ्यांची परिषद भरली. इकडून थोडेसे वारली गेले. त्यांतला माह्या धांगडा मंचावर बोलायला उभा राहिला. 26 जानेवारीच्या भाषणाला तुझे पाय कसे लटपटतात, आठव! आणि इथं तर मैदानभर अनोळखी माणसं.

त्याच वर्षी मे महिन्यात तलासरीजवळच्या झरी गावात हजारो वारली जमले. वेठ करायची नाही, असं ठरवूनच उठले! त्यांच्यासोबत होत्या गोदावरी परुळेकर. वकिलीचं शिक्षण घेतलेल्या, पण पाड्यापाड्यांवर पायी फिरलेल्या! त्यांनी हे सगळं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिलं. ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड आणि त्याचे साथी गेले.

दोन-तीन नावं आपल्याला मिळाली. पण झरीला तर हजारो आले होते! त्यांना भाकरी कुणी भाजून दिली? निरोप घेऊन कोण धावलं? ती नावं कुठल्या बरणीत आहेत?

मग घे वही! पाड्यावरच्या आजीला विचार. तेच पुन्हा दुसऱ्या आजोबांना विचार. स्वयंपाकघरात शितावरून भाताची परीक्षा होते, पण इथं एक शित पुरत नाही हं! दोघांचं जुळलं तर बरोबरची खूण. नाही जुळलं तर प्रश्नचिन्ह, आणि तिसऱ्या घराकडे पळ!

आणि पळ म्हणजे पळच! 1945 साली जो मुलगा दहा वर्षांचा होता, तो आज नव्वदीच्या घरात आहे. इरेना सापडली, तेव्हा तीही तेवढीच होती!